कॉम्प्युटर टीव्हीला जोडल्यावर चित्र कापलं जातं, ताणलं जातं, धूसर दिसतं: कुठल्या क्रमाने काय करायचं

केबल लावली, टीव्हीवर डेस्कटॉप आला, पण खालचा टास्कबार अर्धा गायब, कोपऱ्यातलं घड्याळ दिसत नाही, अक्षरांच्या कडेला पांढरी झालर आणि व्हिडिओतली माणसं बसकी आणि रुंद. यानंतर बहुतेकजण एकच करतात, थेट कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये घुसतात, रिझोल्युशन कमी करून बघतात, ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधला स्लायडर सरकवून चित्र आत ओढतात आणि कसंबसं चौकटीत बसलं की झालं म्हणून सोडून देतात. चित्र बसतं, पण धूसरपणा काही जात नाही, आणि मग "टीव्हीवर कॉम्प्युटर असाच दिसतो" असं म्हणून लोक गप्प बसतात. असं अजिबात नाहीये. बऱ्यापैकी नवीन कुठल्याही टीव्हीवर अक्षरं मॉनिटरइतकी स्वच्छ दिसू शकतात, फक्त क्रम पाळावा लागतो.

क्रम असा: आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर, मग परत टीव्ही. उलट केलं की घोडं अडतं, कारण टीव्हीतले काही पर्याय कॉम्प्युटरकडून योग्य सिग्नल आल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि कॉम्प्युटरमधले काही पर्याय टीव्हीत एक सेटिंग चालू केल्याशिवाय यादीत येत नाहीत.

## पायरी १: हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवा

पहिली, टीव्हीच्या पॅनलचं (म्हणजे पडद्याचं) खरं रिझोल्युशन, म्हणजे त्यात आडवे-उभे किती पिक्सेल आहेत ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, मॉडेल नंबर शोधून स्पेसिफिकेशन बघा. साधारण तीनच प्रकार सापडतील: १३६६ × ७६८ (ज्याला एचडी रेडी म्हणतात), १९२० × १०८० (फुल एचडी) आणि ३८४० × २१६० (फोर-के). टीव्ही कुठला "सिग्नल घेऊ शकतो" आणि त्याचं पॅनल किती पिक्सेलचं आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एचडी रेडी टीव्हीसुद्धा १०८० चा सिग्नल आनंदाने घेतो आणि आतल्या आत लहान करून दाखवतो. तुम्हाला पॅनलचा आकडा हवाय.

दुसरी, कॉम्प्युटरला मागे कुठली पोर्ट आहेत. डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच लावायची, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये नाही. ही चूक इतकी होते की "सिग्नलच येत नाही" म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल आणि फक्त यूएसबी-सी असेल तर त्या पोर्टातून चित्र बाहेर पडतं का ते तपासा. सगळ्या यूएसबी-सी पोर्टांतून पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर काम होईल, काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लिहिलंय का बघा.

तिसरी, टीव्हीचं कुठलं एचडीएमआय पोर्ट वापरायचं. सगळी पोर्टं सारखी नसतात. बऱ्याच टीव्हींमध्ये एक-दोन पोर्टंच पूर्ण क्षमतेची असतात, त्यांच्याशेजारी बारीक अक्षरात फोर-के ६० किंवा फोर-के १२० असं काहीतरी छापलेलं असतं. ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय ते साउंडबारसाठी लागतं, साउंडबार असेल तर ते मोकळं ठेवा.

तपासा: पॅनलचा आकडा कागदावर लिहिला का? पुढे दोनदा लागणार आहे.

## पायरी २: केबल, आणि मधली कन्व्हर्टरं

१०८० साठी जवळपास कुठलीही धड एचडीएमआय केबल चालते, त्यात फार डोकं लावू नका. फोर-केला मात्र केबल महत्त्वाची ठरते. फोर-के ६० हर्ट्झसाठी (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची क्षमता लागते, अशा केबलवर प्रीमियम हाय स्पीडचं लेबल असतं. फोर-के १२० हवं असेल तर अल्ट्रा हाय स्पीड, म्हणजे ४८ गिगाबिटवाली. जुनी एचडीएमआय १.४ ची जोडणी फोर-के दाखवते, पण फक्त ३० हर्ट्झवर, आणि ३० हर्ट्झवर माउस असा अडखळत सरकतो की कॉम्प्युटर हँग झालाय असं वाटतं. "कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की स्लो होतो" अशा ज्या तक्रारी असतात त्यांचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

लांब केबल घेताना जपून. साधी तांब्याची केबल पाचेक मीटरच्या पुढे फोर-के ६० ला दगा देऊ शकते, चित्र मधेच काळं होतं, ठिपके चमकतात. तेवढी लांबी खरंच लागत असेल तर ऑप्टिकल केबल घ्या आणि तिची दिशा नीट बघून लावा, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

कन्व्हर्टरबद्दल एवढंच लक्षात ठेवा:

- डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायची केबल एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय, असंच.
- डीव्हीआयमधून एचडीएमआय केलं तर चित्र उत्तम येतं पण आवाज बहुतेक वेळा येत नाही.
- व्हीजीएमधून आवाज कधीच येत नाही, त्याला वेगळी ऑडिओ केबल लागते.
- यूएसबी-सीचं कन्व्हर्टर किंवा हब फोर-केला ३० हर्ट्झवालं आहे की ६० वालं ते विकत घेताना बघा. नुसतं "फोर-के सपोर्ट" लिहिलेली बरीचशी ३० वाली असतात.

सावधान: मधे एव्ही रिसीव्हर, साउंडबार किंवा स्प्लिटर असेल तर पहिल्यांदा सगळं बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट टीव्हीला लावा. मधला डबा आपलीच मर्यादा कॉम्प्युटरला कळवतो आणि तुम्ही तासभर टीव्हीशी झगडत बसता. थेट जोडून सगळं नीट दिसलं की मग डबा परत मधे घाला, तेव्हा बिघडलं तर दोष कुणाचा ते लगेच कळेल.

## पायरी ३: टीव्हीच्या पोर्टची दोन सेटिंग्ज, कॉम्प्युटरला हात न लावता

केबल लावा, टीव्ही आधी चालू करा, रिमोटने योग्य एचडीएमआय इनपुट निवडा आणि मग कॉम्प्युटर चालू करा. टीव्ही आपण कुठली रिझोल्युशनं आणि किती हर्ट्झ घेऊ शकतो याची यादी केबलमधूनच कॉम्प्युटरला पाठवत असतो, टीव्ही बंद असताना किंवा दुसऱ्या इनपुटवर असताना कॉम्प्युटर चालू झाला तर काही वेळा ही यादी पोचतच नाही आणि मग कॉम्प्युटर काहीतरी अंदाजपंचे १०२४ × ७६८ वगैरे पाठवतो.

आता टीव्हीत दोन गोष्टी करायच्या.

एक, इनपुटला पीसी असं नाव किंवा चिन्ह द्या. हे नुसतं सजावटीसाठी आहे असं समजून लोक सोडून देतात. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमध्ये इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचा प्रकार पीसी केला की टीव्ही आतून वेगळ्या पद्धतीने चित्र हाताळतो. एरवी टीव्ही रंगांची माहिती अर्ध्या किंवा पाव बारकाईने दाखवतो, सिनेमात ते डोळ्याला कळत नाही पण रंगीत बारीक अक्षरं मात्र फाटल्यासारखी दिसतात. पीसी केल्यावर प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा येतो. सोनीमध्ये याच कामासाठी पिक्चर मोडमध्ये ग्राफिक्स नावाचा मोड सापडतो.

दोन, फक्त फोर-के टीव्ही असेल तर त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करा. कितीतरी टीव्हींमध्ये ती बंदच येते. सॅमसंगमध्ये एचडीएमआय यूएचडी कलर किंवा नव्या मॉडेलमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट आणि त्यात एन्हान्स्ड. सेटिंग पोर्टनुसार असतं, म्हणजे पोर्ट दोनला चालू केलं आणि केबल पोर्ट तीनला असेल तर उपयोग शून्य. ते बदलल्यावर टीव्ही क्षणभर काळा होईल, घाबरू नका, यादी नव्याने पाठवतोय.

## पायरी ४: डुप्लिकेट नको

विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली की चार पर्याय येतात: फक्त कॉम्प्युटर, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरी स्क्रीन. लॅपटॉपवाले हमखास डुप्लिकेटवर असतात आणि निम्मी भानगड तिथेच असते. लॅपटॉपची स्क्रीन १९२० × १२०० म्हणजे १६:१० च्या प्रमाणाची, टीव्ही १६:९, आता दोघांवर एकच चित्र दाखवायचं तर एकाला तडजोड करावी लागणारच, आणि ती बहुतेकवेळा टीव्हीवर होते, बाजूला काळे पट्टे किंवा ताणलेली माणसं. लॅपटॉप १३६६ × ७६८ चा असेल तर मग फोर-के टीव्हीलाही तेवढंच चित्र मिळतं, मोठं करून, धूसर.

म्हणून "फक्त दुसरी स्क्रीन" घ्या, निदान सगळं सेट होईपर्यंत तरी. दोन्हीकडे वेगवेगळं काम करायचं असेल तर एक्स्टेंड. एक्स्टेंडमध्ये एखादी खिडकी न दिसणाऱ्या स्क्रीनवर अडकली तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण दाबा, उडी मारून इकडे येईल. मॅकवर हेच डिस्प्लेज सेटिंगमध्ये मिररिंग बंद करून होतं.

लॅपटॉपचं झाकण लावून वापरायचा असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काहीच करू नको असं सांगा, आणि चार्जर लावलेला ठेवा. झाकण लावलेला लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका, हवेला वाट हवी.

## पायरी ५: कॉम्प्युटरमधून पॅनलचंच रिझोल्युशन पाठवा

आता सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. वर टीव्हीची चौकट निवडलेली आहे ना ते बघा, दोन स्क्रीन असताना लोक लॅपटॉपचंच रिझोल्युशन बदलत बसतात. कागदावर लिहिलेला पॅनलचा आकडा निवडा.

इथे न थांबता खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा. तिथे दोन ओळी दिसतात, एक डेस्कटॉपचं रिझोल्युशन आणि दुसरी ॲक्टिव्ह सिग्नलचं. दोन्ही आकडे सारखे असले पाहिजेत. डेस्कटॉप १२८० × ७२० आणि सिग्नल १९२० × १०८० असं असेल तर ग्राफिक्स कार्ड मधेच चित्र फुगवून पाठवतंय आणि टीव्हीला त्याचा पत्ताही नाही. सारखे नसतील तर त्याच पानावरून डिस्प्ले ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सगळ्या मोडची यादी उघडा आणि त्यातून पूर्ण जोडी निवडा, उदाहरणार्थ १९२० × १०८०, ६० हर्ट्झ.

रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, ६० ठेवा. यादीत ५९ आणि ६० दोन्ही दिसतील, रोजच्या वापरात फरक नाही. इंटरलेस्ड असं लिहिलेलं काहीही घेऊ नका, आडव्या बारीक रेघा थरथरतात. फोर-केमध्ये ३० च्या वर पर्यायच नसेल तर इथे डोकं आपटू नका, पायरी २ आणि ३ परत बघा: केबल, कन्व्हर्टर, टीव्हीचं पोर्ट, पोर्टचं सेटिंग, याच चारपैकी एक.

एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवायचा मोड) सध्या बंद ठेवा. रंग फिके झाले की ते एचडीआरमुळे की पुढच्या पायरीतल्या कारणामुळे ते कळत नाही. सगळं जमल्यावर सिनेमापुरतं चालू करून बघा.

मॅकवर डिस्प्लेज सेटिंगमध्ये टीव्ही निवडून रिझोल्युशनं यादीच्या रूपात दाखवायचा पर्याय चालू करा, म्हणजे नुसती लहान-मोठी चित्रं न दिसता आकडे दिसतील.

## पायरी ६: परत टीव्हीकडे, कापलेल्या कडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त चुकते ती हीच.

टीव्ही आलेलं चित्र थोडं मोठं करतो आणि कडा बाहेर ढकलतो, याला ओव्हरस्कॅन म्हणतात. चारी बाजूंनी दोन-तीन टक्के जरी गेले तरी टास्कबार अर्धा होतो. आणि नुसत्या कडाच जात नाहीत, सगळं चित्र फुगवल्यामुळे एकही पिक्सेल आपल्या जागेवर राहत नाही, म्हणून अक्षरं मऊ पडतात. आता तुम्ही कॉम्प्युटरच्या स्लायडरने चित्र आत ओढलं तर काय होतं बघा: ग्राफिक्स कार्ड चित्र लहान करतं, टीव्ही ते परत मोठं करतो. कडा दिसायला लागतात, पण चित्र दोनदा रगडलं गेलं. शर्ट मोठा झाला म्हणून टाके घालून आवळायचा आणि मग बटणं लागत नाहीत म्हणून ताणायचा, तसला प्रकार.

उपाय टीव्हीच्या पिक्चर साइज किंवा ॲस्पेक्ट रेशोच्या मेनूत आहे. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं:

- एलजी: जस्ट स्कॅन
- सॅमसंग: फिट टू स्क्रीन, जुन्या मॉडेलमध्ये स्क्रीन फिट
- सोनी: डिस्प्ले एरिया, त्यात फुल पिक्सेल
- इतर: डॉट बाय डॉट, अनस्केल्ड, वन टू वन, किंवा सरळ ओव्हरस्कॅन ऑफ

नुसतं १६:९ निवडून भागत नाही हं, बऱ्याच टीव्हींवर १६:९ मध्येसुद्धा कडा कापल्या जातात. झूम, वाइड, सुपर झूम, सिनेमा झूम यांच्या वाटेला जायचंच नाही. पर्याय दिसतोय पण राखाडी आहे, निवडता येत नाही, असं असेल तर कॉम्प्युटरकडून विचित्र रिझोल्युशन येतंय, पायरी ५ कडे परत जा. काही टीव्हींमध्ये पायरी ३ मध्ये पीसी नाव दिल्यावरच ओव्हरस्कॅन आपोआप बंद झालेला असतो, मग हा मेनू राखाडी असला तरी काळजी नाही, खालची परीक्षा घेऊन खात्री करा.

सावधान: आधी कधी कॉम्प्युटरचा स्लायडर सरकवला असेल तर तो पहिल्यांदा शून्यावर आणा. नाहीतर टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद केल्यावर चारी बाजूंनी काळी चौकट दिसेल आणि तुम्हाला वाटेल की आता उलटंच बिघडलं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये तो डेस्कटॉपचा आकार बदलण्याच्या भागात असतो, एएमडीमध्ये एचडीएमआय स्केलिंग नावाने.

परीक्षा, पाच मिनिटांची: पेंट उघडा, नवीन चित्राचा आकार बरोब्बर पॅनलएवढा द्या, म्हणजे १९२० × १०८० वगैरे. अगदी कडेने एक पिक्सेल जाडीची लाल चौकट काढा. मधोमध शिफ्ट दाबून एक मोठं वर्तुळ काढा. एका कोपऱ्यात काळी-पांढरी, काळी-पांढरी अशा एकेक पिक्सेलच्या उभ्या रेघा जवळजवळ काढा, निदान बोटभर रुंदीच्या तरी, झूम करून काढल्या की जमतात. पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि फोटो बघायच्या ॲपमध्ये फुल स्क्रीन उघडा.

लाल रेघ चारी बाजूंना दिसली पाहिजे, एका बाजूला जरी गायब असेल तरी अजून कापलं जातंय. वर्तुळाची रुंदी आणि उंची टेपने मोजा, खरंच टेप घेऊन मोजा, नजर दोन-तीन टक्क्यांत फसते. सारखी नसेल तर प्रमाण चुकलंय. आणि रेघांचा पट्टा जवळून बघा: प्रत्येक रेघ वेगळी, एकसारखी काळी-पांढरी दिसली तर कॉम्प्युटरचा एक पिक्सेल टीव्हीच्या एका पिक्सेलवर बसला. पट्ट्यात जाड राखाडी लाटा दिसल्या तर कुठेतरी अजून लहान-मोठं होतंय.

हे जमलं नाही तर पुढे जाऊ नका, पुढचं काहीही करून धूसरपणा जाणार नाही. टीव्ही अगदी जुना आहे आणि त्यात ओव्हरस्कॅन बंद करायची सोयच नाही, असं असेल तरच कॉम्प्युटरच्या स्लायडरला हात लावा. तो शेवटचा इलाज आहे.

## पायरी ७: अक्षरं लहान दिसतात? रिझोल्युशन नको, स्केल बदला

लांबून बसून वाचायचं म्हटल्यावर फोर-केवर अक्षरं मुंगीएवढी दिसणारच. इथे लोक रिझोल्युशन कमी करतात आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडतं. रिझोल्युशन तसंच ठेवून डिस्प्लेच्या पानावरचं स्केल वाढवा. फुल एचडी टीव्हीवर १२५ किंवा १५० टक्के, फोर-केवर विंडोज स्वतःच बहुतेक ३०० सुचवतो, सोफ्यावरून वाचायला ते ठीक आहे, जवळ बसत असाल तर २०० सुद्धा पुरतं. बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या, कारण आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅम जुन्याच मापाने काढलेलं चित्र फुगवून दाखवतात.

मग स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं सुबक करायची सोय) शोधून त्याची छोटी चाचणी टीव्हीच्या स्क्रीनवरच पूर्ण करा. टीव्हीच्या पॅनलमधली लाल-हिरव्या-निळ्याची मांडणी मॉनिटरपेक्षा वेगळी असू शकते, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंग दिसत असतील तर ते इथे कमी होतात.

## पायरी ८: काळा रंग राखाडी का दिसतो

चित्र चौकटीत बसलं, अक्षरं स्वच्छ, पण सगळ्यावर धुकं पसरल्यासारखं दिसतंय किंवा उलट, गडद भागातलं काहीच दिसत नाही. याचं कारण आकड्यांचं आहे. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे आकडे वापरतो, व्हिडिओच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५ असतो. एक बाजू फुल आणि दुसरी लिमिटेड अशी जोडी झाली की गडबड. कॉम्प्युटर लिमिटेड पाठवतोय आणि टीव्ही फुल समजतोय, तर काळा राखाडी होतो. कॉम्प्युटर फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय, तर गडद भाग काळ्यात बुडतात.

दोन्हीकडे सारखं करा, बस. कॉम्प्युटरवर एनव्हिडियात आउटपुट डायनॅमिक रेंज, एएमडीमध्ये पिक्सेल फॉरमॅट, इंटेलमध्ये क्वांटायझेशन रेंज. टीव्हीवर सॅमसंग आणि एलजीत ब्लॅक लेव्हल, तिथे लो म्हणजे लिमिटेड आणि हाय म्हणजे फुल, काही मॉडेलमध्ये हाय ऐवजी नॉर्मल लिहिलेलं असतं. सोनीत एचडीएमआय डायनॅमिक रेंज. कॉम्प्युटरसाठी दोन्ही फुल चांगलं, पण टीव्हीत तो पर्याय नसेल तर दोन्ही लिमिटेड चालेल, फरक फार जाणवत नाही. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट ओढून हे दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका, होत नाही.

कॉम्प्युटरच्या याच पानावर रंगाचा फॉरमॅट आरजीबी किंवा ४:४:४ (दोन्हींत प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण जातो) आहे ना ते पण बघून घ्या. तपासायचं सोपं: निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं टाइप करा. नीट वाचता आली तर ठीक, कडा पसरल्यासारख्या वाटल्या तर रंगाची माहिती कुठेतरी कमी होतेय, मग पायरी ३ मधलं पीसी नाव परत तपासा.

## पायरी ९: टीव्हीची "सुधारणा" बंद करा

शार्पनेस खाली आणा. अक्षरांभोवतीची पांढरी झालर बहुतेक यानेच येते. मात्र शून्य म्हणजे तटस्थ असं प्रत्येक टीव्हीत नसतं, सोनीमध्ये तटस्थ ५० ला असतो. हळूहळू कमी करत जा, झालर गेली आणि अक्षर अजून मऊ झालं नाही तिथे थांबा. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आणि मोशनवाली सेटिंग्ज, म्हणजे एलजीचं ट्रूमोशन, सोनीचं मोशनफ्लो, सॅमसंगचं ऑटो मोशन प्लस, सगळं बंद. माउस मागून रखडत येतोय असं वाटत असेल तर गेम मोड चालू करा, टीव्ही मधली प्रक्रिया गाळतो आणि माउस हाताबरोबर चालायला लागतो.

ओलेड टीव्ही असेल तर टास्कबार आपोआप लपेल असं करा आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ कमी ठेवा. एकाच जागी दिवसभर चमकणारी पट्टी कायमची छाप सोडू शकते.

## पायरी १०: आवाज

टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून आउटपुटमध्ये टीव्हीचं नाव निवडा, विंडोज हे दर वेळी आपोआप करतोच असं नाही. टीव्हीचेच स्पीकर वापरत असाल तर साउंडमध्ये स्टीरिओ ठेवा. ५.१ (सहा स्पीकरची मांडणी) निवडलं की संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात, तो तुमच्याकडे नाही, मग संगीत मोठं आणि बोलणं पुसट अशी तक्रार सुरू होते.

## एचडी रेडी टीव्ही आणि व्हीजीए

१३६६ × ७६८ च्या पॅनलवर वरची पट्ट्यांची परीक्षा एचडीएमआयने बऱ्याचदा पास होत नाही, कारण टीव्ही फक्त ७२० किंवा १०८० घेतो आणि आत माप बदलतो. कॉम्प्युटरच्या यादीत १३६६ × ७६८ किंवा १३६० × ७६८ दिसत असेल तर आधी ते घेऊन बघा. नसेल आणि टीव्हीला व्हीजीए पोर्ट असेल तर त्यातून १३६० × ७६८ पाठवा, चित्र पुष्कळदा एचडीएमआयपेक्षा स्वच्छ येतं. १३६६ हा आकडा आठने भागला जात नाही म्हणून १३६०, दोन्ही कडांना तीन-तीन पिक्सेल काळे राहतील, ते सोडून द्या. व्हीजीएवर टीव्हीच्या मेनूतलं ऑटो ॲडजस्ट एकदा चालवा आणि ते चालवताना स्क्रीनवर पांढरी, कडेपर्यंत भरलेली खिडकी उघडी ठेवा, काळ्या वॉलपेपरवर टीव्हीला कडा सापडत नाहीत.

## सगळं नीट होतं आणि परत बिघडलं

कॉम्प्युटर झोपेतून उठला आणि रिझोल्युशन बदललेलं दिसलं तर टीव्ही आधी चालू करून मग कॉम्प्युटर उठवायची सवय लावा. स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर परत सुरू होतो आणि टीव्हीशी नव्याने बोलणं होतं. तेवढ्याने नाही झालं तर केबल काढा, टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून मिनिटभर थांबा, मग टीव्ही, केबल, कॉम्प्युटर या क्रमाने जोडा. डेस्कटॉप दिसतो पण सिनेमाच्या ॲपमध्येच काळी स्क्रीन येते, असं असेल तर मधल्या स्प्लिटरला किंवा कन्व्हर्टरला एचडीसीपी (सिनेमांची नक्कल रोखणारं कुलूप) जमत नाही, ते काढून थेट लावा.

आणि केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात हलवली तर पायरी ३, ६, ८ आणि ९ मधली टीव्हीची सेटिंग्ज त्या पोर्टासाठी पुन्हा करावी लागतात. लाल चौकटीचं ते चित्र म्हणूनच डिलीट करू नका, अशा वेळी उघडून चारी कडा बघितल्या की लगेच कळतं.